मदत हवी आहे : चौथीच्या मुलांना कोळ्याचे वागणे कसे शिकवावे?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. परिसर अभ्यासाच्या तासाला कोळ्याचा विषय निघाला, तेव्हा 'आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नव्हे' हे उत्तर मुलांनी एका सुरात दिले. परंतु कोळी दिवसभर करतो काय, असे विचारल्यावर वर्ग गप्प झाला. शिरोवक्ष (डोके व छाती मिळून झालेला भाग) आणि उदर असे शरीराचे दोन भाग, पंख व शृंगिका (कीटकांच्या डोक्यावरच्या मिशा) नसणे, हे सारे फळ्यावर आकृती काढून सांगता येते. त्याचे वागणे मात्र आकृतीत सापडत नाही आणि मला नेमके तेच दाखवायचे आहे.

सुदैवाने साहित्य दाराशीच आहे. श्रावणापासून शाळेच्या जास्वंदीच्या कुंपणात पिवळ्या पट्ट्यांचे कोळी जाळी विणून बसले आहेत. इंग्रजीत त्यांना सिग्नेचर स्पायडर म्हणतात, कारण जाळ्याच्या मध्याशी ते पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी काढतात. हा कोळी डोके खाली करून बसतो आणि पाय जोडीजोडीने चिकटवून ठेवतो, त्यामुळे लांबून फुलीसारखा दिसतो. तो पाहून एका मुलीने 'बाई, ह्याला चारच पाय आहेत' असे ठामपणे सांगितले. उत्तर चुकले असले तरी तिने पाहून दिलेले ते उत्तर मला पाठ केलेल्या आठ पायांपेक्षा मोलाचे वाटले.

अडचणी अशा आहेत. कोळी अंगावर मुतला की फोड येतात, असे बहुतेक मुलांना घरी सांगितलेले आहे, त्यामुळे निम्मा वर्ग कुंपणाजवळ यायला तयार नाही. ज्यांना भीती नाही ती मुले कोळी बाटलीत भरून आणतात. तिथे तो कोपऱ्यात निश्चल बसतो आणि पाहण्यासारखे काहीच घडत नाही. शिवाय 'मादी नराला खाते का?' हा प्रश्न वर्गात आलाच आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना त्याचे काय उत्तर द्यावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद

बाई, बाटलीचा नाद सोडून द्यावा. चक्राकार जाळे विणणाऱ्या कोळ्याला धागे ताणण्यासाठी मोकळी जागा आणि आधार लागतो. बाटलीत त्याच्या वागण्यातील मुख्य भागच नाहीसा होतो. वर्गच कुंपणाकडे न्यावा, तोही सकाळी. जाळ्यावर दव नसेल तर फवाऱ्याच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका तुषार मारावा, म्हणजे प्रत्येक धागा दिसू लागतो. मध्यापासून बाहेर जाणारे आरे चिकट नसतात, त्यांच्यावरून फिरणारा सर्पिल धागा चिकट असतो. सुकलेली काडी दोन्हींना टेकवून मुलांनाच हा फरक शोधू द्यावा. पोटात द्रवरूप असलेले रेशीम बाहेर ओढले जाताना घट्ट होते, हे त्यानंतर सांगितले तर ते ऐकायला त्यांना उत्सुकता असेल.

जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) मिळवता आला, तर उत्तमच. तो वाजवून त्याचे टोक जाळ्याच्या कडेला हलकेच टेकवले की बऱ्याचदा कोळी धावत तिकडे येतो, कारण त्याला कान नाहीत आणि भक्ष्याची बातमी त्याला पायांतून, धाग्यांच्या कंपनांवरून कळते. सी. व्ही. बॉइज या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८८० साली हा प्रयोग प्रसिद्ध केला होता. एका कोळ्यावर तो एक-दोनदाच करावा. पुन्हा पुन्हा फसवल्यावर तो दाद देत नाही, आणि खरे तर त्याला तेवढे छळण्याचे कारणही नाही. नंतर खराखुरा नाकतोडा जाळ्यात पडेपर्यंत वाट पाहण्याची मुलांची तयारी असेल, तर कोळी मागच्या पायांनी रेशमाचे पट्टे फेकून भक्ष्य कसे गुंडाळतो, मग चावा घेतो आणि पाचकरस सोडून पातळ झालेले अन्न कसे शोषतो, हे सर्व त्यांना पाहता येईल.

सगळेच कोळी जाळे विणतात, हा समजही ह्याच निमित्ताने दूर करावा. वर्गाच्या भिंतीवर माशांमागे फिरणारा छोटा कोळी उडी मारून शिकार करतो. त्याच्यासमोर हातातला आरसा धरला तर तो प्रतिबिंबाकडे वळतो, आणि नर असल्यास पुढचे पाय उंचावून आव्हानही देतो. छपराखाली झुरळे खाणारा मोठा चपटा कोळीही जाळे विणत नाही. त्याची मादी अंड्यांची पांढरी चकती पोटाखाली धरून हिंडते.

नराच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे : काही जातींत मादी नराला खाते, पण दर वेळी नाही. तुमच्या कुंपणातील जाळ्यांच्या कडेला बारकासा तपकिरी कोळी दिसला तर तो बहुधा नर असेल. मुलांनी त्याच्यावर लक्ष ठेवावे.

प्रतिसाद

मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून फोडांपुरते लिहितो. कोळ्याच्या मुतण्याने फोड येतात, ह्याला आधार नाही. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा पेडेरस नावाचा केशरी-काळा बारीक भुंगा त्वचेवर चिरडला गेला की त्यातील द्रवाने जळजळ होते आणि पट्ट्यासारखे फोड उठतात. कधी ती नागीण असते, कधी दुसरा त्वचारोग. पालकांना दोष न देता एवढेच सांगावे, की फोड आल्यास कोळ्यावर खापर न फोडता दवाखान्यात दाखवावे. मात्र कोळी हातात घ्यायचा नाही, हा नियम ठेवावाच. आपल्याकडील बहुतेक कोळ्यांचा दंश माणसाला गंभीर नसतो, परंतु मुलांना जाती ओळखता येत नाहीत आणि धरल्यावर कोणताही प्राणी चावू शकतो.

प्रतिसाद

मुलांच्या आजी-आजोबांना ह्या उपक्रमात ओढायचे असल्यास एक वाट आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे २४ गुरू सांगितले, त्यांत कोळीही आहे : स्वतःतूनच धागा काढतो, त्यात विहार करतो आणि शेवटी तो गिळून टाकतो. एकनाथी भागवत वाचणाऱ्या घरांत हे ठाऊक असते. चक्राकार जाळे विणणारे पुष्कळ कोळी जुने जाळे खरोखरच खाऊन नवे विणतात, तेव्हा आजीची गोष्ट आणि सकाळचे निरीक्षण एकाच वहीत लिहिता येईल.

मूळ प्रश्न विचारणाऱ्या बाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा चार-चार मुलांचे गट करून प्रत्येक गटाला एक जाळे नेमून देते. जाळे आज कुठे आहे, फाटले का, पुन्हा विणले का, एवढ्याच नोंदी वहीत ठेवायच्या. भिणाऱ्या मुलांना लांबून वेळ नोंदवण्याचे काम देईन. जवळ यावेसे वाटले तर ती आपणहून येतील. आता एकच प्रश्न उरला आहे. नवरात्रापूर्वी शाळेत जळमटे काढण्याची मोहीम असते. खोल्यांतील धुळीची जळमटे निघायलाच हवीत, परंतु छपराच्या कोपऱ्यात तोंडात अंड्यांचा गोळा धरून बसलेली एक लांब पायांची मादी मुलांनी आज मधल्या सुट्टीत शोधून काढली आहे. ती इजा न होता हलवता येते का, की तेवढा कोपरा केरसुणीतून वगळावा, हे कोणी सांगू शकेल का?