चाकणला नोकरी, जोडीला एजंटचं काम जमेल का? आणि १२ लाखांत २ गुंठे घेऊ का?

चाकण_शिफ्टवाला
नमस्कार मंडळी, दोन प्रश्न एकदमच विचारतो कारण दोन्ही एकमेकांत अडकलेत. मी मूळचा लातूरकडचा, मोशीत भाड्याने राहतो, चाकण एमआयडीसीत सुपरवायझर आहे, हातात ४२ हजार येतात, मुलगी लहान आहे. वडील एसटीतून रिटायर झाले, त्यांच्या पैशातले १२ लाख जमिनीत टाकावेत असं घरात सगळ्यांचं मत पडलंय. आमच्या कंपनीतलाच एक जण सुट्टीच्या दिवशी प्लॉटिंगचं काम करतो, त्याने खेड तालुक्यात २ गुंठे दाखवलेत, ६ लाख रुपये गुंठा, रस्त्याची आखणी झालीय, सिमेंटचे खांब पण रोवलेत. खरेदीखत दहा जणांचं मिळून होणार, २० गुंठ्याचं एकच, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं लागणार आणि एनए (बिनशेती) नंतर करून देतो म्हणतोय. वर त्याचंच म्हणणं की तू पण माझ्याबरोबर काम कर, प्लॉटमागे ३० हजार सुटतात. तर प्लॉट घेऊ का, आणि शिफ्ट सांभाळून एजंटचं काम जमतं का? रविवारी ५१ हजार टोकन मागतोय, म्हणून जरा लवकर सांगा.

सातबारा_वाचक
भाऊ, रविवारी टोकन देऊ नका. दहा जण आणि वीस गुंठे हा आकडा उगाच आलेला नाही. शेती झोनमधल्या जिरायत जमिनीचा २० गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा विकता येत नाही, बागायत असेल तर १० गुंठे, तुकडेबंदी कायदा १९४७ चा आणि हे प्रमाण २०२३ मधलं. म्हणून दहा गिऱ्हाईकं गोळा करायची आणि एकच खरेदीखत करायचं. नाव लागतं हे खरंय, पण सामायिक लागतं. तुमचे दोन गुंठे नेमके कुठले हे सातबारा सांगत नाही, ते फक्त त्या खांबांवर आणि विकणाऱ्याच्या रंगीत नकाशावर. उद्या तुम्हाला विकायचं झालं की घेणारा हद्द विचारणार, बँक त्याला लोन देणार नाही, तुम्हाला बांधकाम परवानगी मिळणार नाही, आणि दहातला एखादा वारला की त्याच्या वारसांची नावं पण त्याच सातबाऱ्यावर येणार, मग वाटप करायला सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरा.

रस्त्याचं वेगळंच असतं. आखलेला रस्ता कुणाच्या गटातून जातो ते विचारा. मूळ मालकाने स्वतःकडे ठेवलेल्या जमिनीतून जात असेल आणि खरेदीखतात वहिवाटीचा हक्क लिहिलेला नसेल तर उद्या तो तार ओढून मोकळा होईल, बरेच दावे याच्यावरच चालतात.

गट नंबर घ्या, भूलेख या सरकारी साइटवर सातबारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो. वर भोगवटादार वर्ग १ आहे का २ ते बघा, २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग इतर हक्काचा रकाना, खरं सगळं तिथेच असतं, गावच्या विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, तुकडा असा शेरा, आणि आपल्या खेड शिरूर भागात धरणांमुळे 'पुनर्वसनासाठी राखीव' हा शेरा बऱ्याच गटांवर आहे. त्यानंतर जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) मागा, कुठल्या बहिणीचं हक्कसोड राहिलंय का ते तिथे कळतं. पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) झोन दाखला पण मागा, जमीन शेती झोनमध्ये आहे का ते त्यात कळतं, 'तुकडेबंदी उठली आता' असं कोणी सांगितलं तर हाच दाखला त्याच्यासमोर ठेवा. आणि शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३. तुमच्याकडे लातूरचा सातबारा असेलही, बाकीच्या नऊ जणांकडे आहे का?

सौदागरची_ताई
दादा, प्लॉटचं वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी एजंटच्या कामाबद्दल लिहिते, मी पिंपळे सौदागर आणि रहाटणी भागात हेच काम करते. आधी कायद्याचं. जिथे जागा ५०० चौरस मीटरच्या वर आहे किंवा ८ पेक्षा जास्त फ्लॅट आहेत तो प्रोजेक्ट महारेरात (घर-प्लॉटच्या विक्रीवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदवावा लागतो, प्लॉटिंग पण त्यात येतं, आणि असा प्रोजेक्ट विकणाऱ्या एजंटला स्वतःचा रेरा नंबर लागतो. एकट्या माणसाला फी १० हजार, नंबर पाच वर्षं चालतो, आता त्याच्या आधी ट्रेनिंग करून परीक्षा पास व्हावी लागते. नंबर नसताना विकलं तर दिवसाला १० हजार दंड आहे, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जातो. तुमचा मित्र वीस गुंठ्याचे प्लॉट पाडून विकतोय, वीस गुंठे म्हणजे दोन हजार चौरस मीटर होतात, मग रेरा नंबर कुठंय? त्याच्याबरोबर उभे राहिलात तर उद्या गिऱ्हाईक तुमच्या दारात येणार, कंपनीतलीच माणसं असणार ती.

काम करायचंच असेल तर भाड्याच्या फ्लॅटपासून सुरू करा असं माझं स्पष्ट मत आहे. रेरा हा खरेदी विक्रीसाठी आहे, भाड्याच्या कामाला तो नंबर लागत नाही, आणि चाकणला रोज नवीन पोरं जॉईन होतात त्यांना मोशी चिखलीत रूम लागते, तुम्हाला गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. आमच्याकडे साधारण पंधरा दिवस ते महिन्याचं भाडं ब्रोकरेज चालतं, काम सुरू करायच्या आधीच व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं म्हणजे नंतर कटकट नाही. लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंट रजिस्टरच करायचं, ११ महिन्यांचं असलं तरी, १९९९ च्या भाडे कायद्यात ते घरमालकावर बंधनकारक आहे. घरी बसून आधार आणि अंगठ्यावर होतं. पोलीस व्हेरिफिकेशन पण तेव्हाच उरकून टाका.

फ्लॅट दाखवायला जाल तेव्हा मी काय करते ते सांगते. लिफ्ट, पार्किंग सगळे बघतात, मी सरळ किचनचा नळ सोडते आणि वॉचमनला टँकर किती येतात विचारते. पिंपरी चिंचवडमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे, मोठ्या सोसायट्यांचा टँकरचा खर्च मेंटेनन्समधून निघतो, हे भाडेकरूला आधी सांगितलं की तो सहा महिन्यात सोडून जात नाही आणि पुढच्या वेळी त्याचा भाऊ पण आपल्याकडेच येतो. बॅचलर चालतात का हे मालकाला नाही, सोसायटीच्या ऑफिसात विचारा.

बिल्डरचं चॅनल पार्टनरचं काम, म्हणजे त्याचे फ्लॅट कमिशनवर विकून देणं, लांबून गोड दिसतं. टक्केवारी बरी मिळते, पण ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्यावर, बँकेचा हप्ता बिल्डरला पोचल्यावर बिल काढायचं, मग दोन तीन महिने थांबायचं, आणि गिऱ्हाईकाने कॅन्सल केलं तर शून्य. साईटवर नेण्याआधी लीड टॅग केल्याचा, म्हणजे गिऱ्हाईक तुमच्या नावावर नोंदवल्याचा मेल हातात ठेवा, नाहीतर तुमचं गिऱ्हाईक आधीच दुसऱ्याच्या नावावर आहे असं ऐकावं लागतं. म्हणून नोकरी सोडून लगेच याच्यात उडी मारू नका, शनिवार रविवार आणि सेकंड शिफ्टच्या सकाळी करा. आणि एक, गिऱ्हाईकाचं टोकन स्वतःच्या खात्यात कधीच घेऊ नका, मालकाच्या किंवा बिल्डरच्या खात्यात थेट जाऊ द्या.

हिशेबी_पुणेकर
प्लॉट नको तर १२ लाखांत फ्लॅट घेऊन भाड्याने देऊ असं पुढे डोक्यात येईल म्हणून आकडे मांडतो. ४० लाखांचा रीसेल वन बीएचके धरा. बँक ३२ देईल, ८ तुमचे. पुणे पिंपरी चिंचवडला स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार, ब्रोकरेज, वकील, थोडी रंगरंगोटी, झाले १२ लाख संपले. नुसत्या बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतला तर १ टक्का वाचतो, जॉइंट नावात पुरुष आला की सवलत गेली. साडेआठ टक्क्याने २० वर्षं धरली तर हप्ता २७ हजार ७००च्या आसपास. भाडं येणार १३ हजार, त्यातून मेंटेनन्स, मिळकतकर आणि मध्ये एखादा महिना रिकामा. म्हणजे दरमहा खिशातून साधारण १७ हजार घालायचे, ४२ हजार पगारात स्वतःचं भाडं देऊन. नाही जमणार भाऊ. बांधकाम चालू असलेला घेतला तर त्यावर जीएसटी वेगळा, परवडणाऱ्या घराला १ टक्का, नाहीतर ५, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी लागत नाही.

पैसा वडिलांच्या म्हातारपणाचा आहे हे विसरू नका. पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम बघा, ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज हातात येतं. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर २ गुंठे आठवड्यात विकले जात नाहीत.

चाकण_शिफ्टवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गट नंबर टाकून सातबारा काढला. वर्ग १ आहे, पण इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे आणि खाली 'पुनर्वसनासाठी राखीव' पण लिहिलंय. त्याला फोन करून विचारलं तर म्हणाला शेरा उठवायचं काम चालू आहे, तुम्ही टोकन तर द्या, बाकीचे नऊ जण थांबलेत. रेरा नंबरचं विचारल्यावर म्हणाला शेतजमिनीला लागत नाही. वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले पोस्टात ठेव. पण मित्र रोज कॅन्टीनमध्ये भेटतो, त्याला काय सांगू?

सातबारा_वाचक
शेरा उठल्याचा आदेश आणि त्याचा फेरफार दाखव, सोसायटीचं कर्ज फिटल्याचा निल दाखला दाखव, मग बोलू, एवढंच सांगा. कागद आधी आणि पैसे नंतर, यात मैत्री मोडण्यासारखं काही नाही. जमलं तर त्या नऊ जणांपैकी ओळखीचा कोणी असेल तर त्याला हा सातबारा पाठवा, त्याचे पण १२ लाखच आहेत.

सौदागरची_ताई
आणि भाड्याचं काम सुरू केलंत की पहिलं ॲग्रीमेंट करायच्या आधी मला ड्राफ्ट पाठवा दादा, डिपॉझिट परत करायची मुदत आणि लॉक-इनचं (ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ते) कलम नीट लिहिलंय का ते बघून देते.