लुर्डला मम्मीला न्यायचंय, आठवड्याला तीन डायलिसिस. कसं जमवायचं?

आयसीकॉलनीवाला
मम्मी ६६ वर्षांची. मंगळ-गुरु-शनि डायलिसिस, डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचायला जोडलेली शीर), ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं ठरलेलं वजन) ५२ किलो. साखर आहे, गोळ्यांवर. घरात चालते, लांब नाही. पुढच्या मे महिन्यात आम्ही चौघं तिला लुर्डला, फ्रान्समधल्या मारियामातेच्या तीर्थस्थानी, न्यायचं म्हणतोय. पॅरिशचा एक ग्रुप लुर्ड, फातिमा आणि रोम मिळून ११ दिवसांत करतोय. त्यांच्यासोबत जावं की वेगळं? तिकिटं सध्या स्वस्त दिसतायत, काढून टाकू का? व्हिसाला आजार सांगायचा का? आणि तिथल्या पवित्र झऱ्याचं पाणी तिला चालेल ना?

मरोळचा_शेजारी
तिकिटाला हात लावू नका. आधी तिथली डायलिसिसची खुर्ची, मग व्हिसा, मग तिकीट. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो आणि सगळं तिथेच अडतं. फ्रान्समध्ये बाहेरून येणाऱ्या पेशंटला जागा मिळते, पण मे ते सप्टेंबर गर्दीचा काळ आहे, तेव्हा निदान तीन-चार महिने आधी ईमेल करा. लुर्डपासून जवळचं मोठं शहर तार्ब, साधारण २० किलोमीटर. त्या पट्ट्यातल्या केंद्रांना एकाच वेळी विचारा आणि तारीख, वेळ, दर युरोत लेखी घ्या. फोनवरच्या होकाराला अर्थ नाही.

ते तुमच्याकडून हे मागतील: नेफ्रोलॉजिस्टचं (किडनीच्या डॉक्टरचं) पत्र, शेवटच्या तीन डायलिसिसच्या शीट, ड्राय वेट, डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) कोणता, किती तास, ब्लड फ्लो, हेपॅरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस, डायलिसेटमधलं (मशीनच्या द्रावणातलं) पोटॅशियम-कॅल्शियम, सुईचा गेज (जाडी), फिस्टुला कोणत्या हाताला. शिवाय हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. काही ठिकाणी महिन्याभरातलेच चालतात, म्हणून ते फार लवकर काढू नका. औषधं जेनेरिक नावाने लिहून घ्या, आपल्या ब्रँडचं नाव तिथल्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. वर एक पान फ्रेंचमध्ये करून ठेवा. ड्राय वेटला ते 'प्वा सेक' म्हणतात. मम्मीला एवढा एक शब्द पाठ असला तरी मशीनपाशी पुष्कळ काम होतं.

एक गोष्ट परत आल्यावरची. बाहेर डायलिसिस करून आलं की इथलं सेंटर व्हायरल मार्कर (हिपॅटायटिस-एचआयव्हीचे रिपोर्ट) पुन्हा मागतं, आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या मशीनवर घेऊ शकतं. निघण्याआधीच विचारा, नाहीतर एअरपोर्टवरून आल्या दिवशी वाद.

ग्रुपबद्दल: जाऊ नका. ११ दिवसांत तीन शहरं म्हणजे तीन वेगळ्या केंद्रांत बुकिंग, आणि बस तुमच्या सुईसाठी थांबणार नाही. एकच ठिकाण, लुर्ड.

दिवस असे बसतात. मंगळवारी मुंबईत डायलिसिस. बुधवारी पहाटेचं विमान, संध्याकाळपर्यंत लुर्ड. गुरुवारी तिथे, शनिवारी तिथे, मंगळवारी तिथे. शनि ते मंगळ हा मोठा गॅप प्रवासात न येता लुर्डमध्येच बसून जातो, हा यातला मुख्य फायदा. बुधवारी निघायचं, गुरुवारी संध्याकाळची शिफ्ट मुंबईत राखलेली हवी, आणि विमान लेट झालं तर शुक्रवार सकाळचीही विचारून ठेवा. मोठ्या गॅपच्या शेवटी कधीही उडू नका. पोटॅशियम आणि पाणी दोन्ही तेव्हाच सर्वात जास्त असतं.

गोराई_खाडी
व्हिसाच्या फॉर्मात आजाराचा रकाना नाही. पण उद्देशात 'वैद्यकीय कारण' यावर खूण करू नका, कारण तुम्ही उपचाराला जात नाही. पर्यटन लिहा आणि कव्हर लेटरमध्ये तीर्थयात्रा, आईला डायलिसिस लागतं, केंद्राने जागा दिली आहे, खर्च आम्ही करतो, असं सरळ सांगा. केंद्राचं पत्र मागे जोडा. लपवून काही मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. फी प्रौढाला ९० युरो. बोटांच्या ठशांसाठी मम्मीला व्हिसा सेंटरला यावं लागेल, तेव्हा अपॉइंटमेंट सोमवार, बुधवार किंवा शुक्रवारची घ्या.

विम्याचं मात्र नीट वाचा. शेंगेनसाठी (फ्रान्ससह युरोपातल्या देशांचा सामाईक व्हिसा) किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, ते शेंगेनसाठीची कुठलीही पॉलिसी देते. पण आधीपासूनच्या आजाराला बहुतेक पॉलिसी फक्त जिवावर बेतल्यावर धावून येतात, आणि नेहमीचं डायलिसिस त्यात धरत नाहीत. म्हणजे तिथल्या तीन सेशनचे पैसे खिशातून. किडनीचा आजार प्रपोजलमध्ये लिहिला नाही तर उद्या हृदयाची तक्रार झाली तरी क्लेम नाकारायला त्यांना कारण मिळतं.

विमानात व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, निदान ४८ तास आधी. पायऱ्या जमत नाहीत हे स्पष्ट सांगा, नाहीतर खुर्ची शिडीच्या पायथ्याशी सोडून जाते. पॅरिसहून लुर्डला रेल्वेने मोंपारनास स्टेशनवरून साधारण पाच तास, पण एअरपोर्टहून तिथवर जायला शहर ओलांडावं लागतं. त्यापेक्षा तुलूझपर्यंत विमान आणि पुढे दोनेक तास गाडी, मम्मीला ते सोपं. रेल्वेच घेतलीत तर स्टेशनवरची मदत किमान २४ तास आधी नोंदवा.

इरिथ्रोपोएटिनचं (रक्त वाढवण्याचं) इंजेक्शन घ्यायचं असेल तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, गोठलं की वाया. थंड पाऊचमध्ये हातात ठेवा, आणि जेलचा पॅक कुपीला थेट चिकटणार नाही असा मध्ये रुमाल घाला.

मनोरी_चर्चगेट
वरच्या दोघांनी सांगितलंय त्यात भर एवढीच की लुर्डला गेल्यावरचं वेळापत्रक डायलिसिसच्या दिवशी वेगळं आखा.

शक्य असेल तर सकाळची शिफ्ट मागा. कारण संध्याकाळी ५ ची परमप्रसादाची मिरवणूक आणि आजाऱ्यांचा आशीर्वाद, आणि रात्री ९ ची मेणबत्त्यांची मिरवणूक, या दोन्ही एप्रिल ते ऑक्टोबर रोज असतात. दुपारची शिफ्ट मिळाली तर ५ ची हुकते. सकाळची असली तरी त्या रात्रीची ९ ची टाळा, सुई काढल्यावर अंगात त्राण राहत नाही. पुढच्या दिवशी दोन्ही करा. रविवारी आणि बुधवारी सकाळी साडेनऊला सेंट पायस दहावा बॅसिलिकात आंतरराष्ट्रीय मिस्सा असते. ही जमिनीखालची बॅसिलिका १९५८ साली बांधली, आत उतारानेच जायचं असल्याने व्हीलचेअरला अडचण नाही. म्हणजे तुमची रविवारची मिस्सा छान बसते. बुधवारची मात्र निघण्याच्या वेळेवर.

आता पाणी. मासाबिएलच्या गुहेतला झरा १८५८ च्या फेब्रुवारीत बर्नादेतने, मारियेचं दर्शन झालेल्या मुलीने, उकरला तोच. पाणी साधारण १२ अंश, बऱ्यापैकी थंड. डायलिसिसच्या पेशंटला दिवसाला जे ठरलेलं पाणी (बहुधा ५०० मिली आणि लघवी होत असेल तेवढी भर) त्यातूनच झऱ्याचं पाणी वजा होतं. नळाशी गेलं की माणूस ओंजळ भरून पितो, आणि ओंजळ मोजता येत नाही. ५० मिलीचा छोटा कप बरोबर ठेवा. एक कप, वहीत नोंद, बास. तीर्थाचं असलं तरी पाणी फुप्फुसात साचायचं तेव्हा साचतंच.

पूर्ण बुडून स्नान तिने करू नये. फिस्टुलाच्या टोचलेल्या जागा ताज्या असतात, बँडेज ओलं होतं, आणि थंड पाण्याने बीपी एकदम बदलतं. गळ्यात किंवा छातीत कॅथेटर असता तर विचारच नको. हात आणि तोंड धुणं, थोडं पिणं, हाही तिथला नेहमीचा विधी आहे, स्वयंसेवक मदत करतात. त्यांना आधीच सांगा की डाव्या हाताला धरून ओढू नका. हातावर एक पट्टी बांधा, भाषा नडत नाही.

आजाऱ्यांसाठी तिथे अकेय नोत्र-दाम आणि अकेय मरी सां-फ्रे ही निवासस्थानं आहेत. ती रुग्णालयं नाहीत, तिथे डायलिसिस होत नाही. कुटुंबासोबत हॉटेलात राहणार असाल तर बुक करण्यापूर्वी लिफ्टच्या दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहून मागवा. जुन्या हॉटेलांच्या लिफ्ट अरुंद असतात आणि ६५ ची व्हीलचेअर अडकते. स्टेशन वरच्या अंगाला, तीर्थस्थान खाली नदीकाठी. येताना चढ लागतो, ढकलणारा दमतो. तीर्थस्थानाच्या दाराजवळचं हॉटेल महाग पडेल, घ्या.

वजनकाटा न्या. पातळ काच असलेला, दीड-दोन किलोचा. हॉटेलात मिळत नाही आणि बॅगेचा हूकवाला काटा माणसाला उपयोगी नाही. रोज सकाळी त्याच कपड्यांत. ५२ किलोच्या पेशंटचं वजन दोन सेशनच्या मधल्या काळात दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर त्या दिवशी पाणी आणखी आवळा.

नाश्त्याला संत्र्याचा रस आणि केळं समोर येतं, दोन्हीत पोटॅशियम जास्त, दोन्ही बाजूला ठेवा. बटाटा आणि टोमॅटो सूपही तसंच. चीज थोडंसंच आणि फॉस्फेट बाइंडरची (अन्नातलं फॉस्फेट अडवणारी) गोळी जेवणासोबत, नंतर नव्हे. ब्रेड, अंडं, भात चालतो. लोणचं, पापड, सुका बोंबील इथेच ठेवा, मीठ तहान वाढवतं.

आयसीकॉलनीवाला
खूप आभार. दोन शंका. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधीचा एक तासाचा उपास मम्मी सोडायला तयार नाही, गोळ्या घेतल्यावर साखर खाली येते. आणि तिथे रात्री काही झालं तर?

मरोळचा_शेजारी
चर्चच्या कायद्यातलं कॅनन ९१९, त्याचं तिसरं कलम दाखवा. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे, यांनी आदल्या तासात काही खाल्लं असलं तरी ख्रिस्तप्रसाद घेता येतो. ती तुमचं ऐकणार नाही, पॅरिशच्या फादरांकडून वदवून घ्या. खिशात ग्लुकोज असू द्या.

रात्रीचं: धाप लागणं, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, पाय गळणं, छातीत धडधड, यातलं काहीही दिसलं तर सकाळच्या शिफ्टची वाट पाहू नका. १५ किंवा ११२ (तिथले आणीबाणीचे नंबर) लावा आणि पहिल्याच वाक्यात 'दियालीझ' म्हणा. फ्रेंचमधलं ते एक पान हातात, दुसरी प्रत तिच्या पर्समध्ये.