भुताची जुनी गोष्ट नव्याने सांगितलेली ऐकलीय का? तुमचे अनुभव लिहा

गच्चीवरची:
काल भाच्याने मोबाईलवर मुंज्याची गोष्ट ऐकवली. पिंपळ तोडून फ्लॅटस्कीम झाली आणि मुंज्या आता पार्किंगमध्ये राहतो. ऐकता ऐकता नागपूरच्या महाल भागातली आमची गच्ची आठवली. मे महिना, फरशीवर पाणी मारून गाद्या टाकलेल्या आणि आजी सांगायची की मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधीच पोरगा गेला, लग्नाची इच्छा राहून गेली. भीती वाटायचीच, पण त्याचं वाईटही वाटायचं. भाच्याच्या गोष्टीत तो लिफ्टमध्ये नुसता दात विचकतो, त्याला पाहिजे काय तेच नाही! जागा बदला, काळ बदला, पण त्याचं काय राहून गेलं तेवढं तरी ठेवा ना. तुम्ही काही ऐकलं, पाहिलं, पोरांना सांगितलं असेल तर लिहा.

तर्रीपोहे:
चकवा!! मामा उमरेडकडून रात्री सायकलने येत होते, फिरून फिरून तीच बाभूळ, शेवटी तिथेच बसून राहिले उजाडेपर्यंत. मी पोरांना सांगतो तेव्हा सायकलच्या जागी कार आणि मॅपवाली बाई सारखी म्हणून राहिली 'पुढे यू-टर्न घ्या'. पोरं चिडीचूप. उपाय मात्र मामांचाच ठेवलाय, जागचं हलायचं नाही.

पिंपळपान:
टागोरांची 'क्षुधित पाषाण' 1895 ची, त्यात कापसाची जकात गोळा करणारा माणूस पडक्या महालात राहायला जातो. 1991 च्या 'लेकिन'मध्ये गुलजारांनी ती राजस्थानात नेली, नायक सरकारी नोकरीतलाच, पण आता जुन्या वस्तूंची नोंद करणारा. अडकलेल्या बाईची तडफड तशीच आहे म्हणून ते जमलं. कॉलेजात असताना रात्री एकटीने पाहिला, नंतर पाणी प्यायला उठायची हिंमत नाही झाली.

रेवा:
हेन्री जेम्सची 1898 ची 'द टर्न ऑफ द स्क्रू' घ्या, ती दोन मुलांची आणि त्यांना सांभाळणाऱ्या गव्हर्नेसची गोष्ट. 2020 च्या 'द हॉन्टिंग ऑफ ब्लाय मॅनर' मालिकेत ती 1987 मध्ये आणली आणि भुतांची मागची सगळी हकीकत दाखवली. मी रडले खूप, खरं सांगते, पण मूळ गोष्टीत भूत खरंच आहे की तिलाच दिसतंय हे शेवटपर्यंत कळत नाही, ती धाकधूक गेली. कुकर झाला, नंतर लिहिते

अनूची आई:
हे सगळं ठीक आहे पण मुलगी आठवडाभर रात्री बाथरूमला एकटी जात नाहीये, शाळेच्या व्हॅनमध्ये कोणी हाकामारीची, रात्री दारात हाका मारणाऱ्या भुताची गोष्ट सांगितली, ती म्हणे आता व्हिडिओ कॉल करते 😔

गच्चीवरची:
अगं बाई! पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही हे पण सांग तिला, आम्हाला आजीने तेच सांगितलं होतं. नियम माहीत असला की पोरांना धीर येतो.

तर्रीपोहे:
हाव ना, लाईट चालू ठेवा काही दिवस.

पिंपळपान:
आपल्या नागपूरच्या मारबतीचं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने नेऊन जाळतात त्या पुतळ्याचं, काऊन नाही लिहिलं कोणी? पूतनेची गोष्ट किती जुनी, काळ्या मारबतीला लोक इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडतात, आणि सोबत बडगे म्हणजे दुसरे पुतळे दरवर्षी नवे, महागाई, भ्रष्टाचार, जे त्या वर्षी छळतंय ते. 'घेऊन जा गे मारबत' ओरडताना अजून अंगावर काटा येतो माझ्या.

अनूची आई:
अनूला न्यायचंच आहे यंदा. काळी-पिवळी दोन्ही मारबती एकत्र बघायच्या तर कुठे उभं राहू? गर्दीत लहान मूल जमेल?

पिंपळपान:
नेहरू पुतळ्याला भेटतात त्या, पण तिथे पाय ठेवायला जागा नसते. इतवारीत कोणाची गॅलरी मिळते का बघा, आणि लवकर जा, मग रस्ते बंद करतात.