हवामान बदलाच्या शिक्षणाला राज्य सरकारने शिष्यवृत्ती द्यावी का?

कृष्णाकाठ
जुलै २०२३ मध्ये रायगडमधली इर्शाळवाडी रात्रीत दरडीखाली गाडली गेली आणि नंतर विधिमंडळात सांगण्यात आलं की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. त्याआधी माळीण २०१४ ला, तळिये २०२१ ला. यादी करायला डोंगर आणि पाऊस दोन्ही कळणारी माणसं लागतात ना, ती कुठून येणार? माझं मत सरळ आहे, दरडी, पूर, उष्णता, शेतीवरचे हवामानाचे परिणाम यात एमएस्सी, एमटेक करणाऱ्या पोरांची फी आणि महिन्याचा खर्च राज्याने उचलावा आणि अट एकच, नंतर तीन वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी काम करायचं. मुंबईत आयआयटी आहे, टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुण्यात आयआयटीएम ही हवामान संशोधनाची संस्था आहे, शिकवणारे इथेच आहेत पण गावाकडच्या पोराला पुण्या-मुंबईत खोलीचं भाडंच परवडत नाही.

मांजरातीर
दादा तळमळ कळते पण मला हे अजिबात पटत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्याच संस्थांच्या पीएचडीवाल्यांना फेलोशिपसाठी रस्त्यावर बसावं लागलंय, आहे तेच पैसे आधी वेळेवर द्या. आणि शिकून लागणार कुठे? माझ्या ओळखीतली पर्यावरणशास्त्रात एमएस्सी केलेली पोरं अभ्यासिकेत बसून एमपीएससीच करतायत कारण त्यांच्या विषयाची जागाच निघत नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, मी तिथलाच आहे, दुष्काळ काय असतो ते मला सांगू नका. पण जागा नसताना पदव्या वाटणं म्हणजे पोरांची उमेदीची वर्षं वाया घालवणं आहे.

देवगडची
मी कृष्णाकाठ यांच्या बाजूने आहे आणि कारण एकदम जमिनीवरचं आहे. आंब्याचा हवामान आधारित विमा घेतो आम्ही. त्यात तुमच्या बागेत काय झालं ते कोणी बघत नाही, महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर तापमान किती, अवेळी पाऊस किती नोंदला त्यावर भरपाई ठरते. आता आमच्याकडे खाडीकाठ आणि वरचा सडा म्हणजे कातळाचं पठार एकाच मंडळात, दोन्हीकडची हवा वेगळी, मोहोर करपला तरी केंद्रावरचे आकडे नॉर्मल. हे निकष चुकतायत हे आकडेवारी घेऊन मांडणारं माणूस आमच्या तालुक्यात एकही नाही, विचारायला गेलं तर कृषी सहायक बिचारा म्हणतो ताई मलाच कळत नाही. शिकलेली, इथलीच मुलगी त्या खुर्चीत असती तर फरक पडला असता.

वायरमन_अहिल्यानगर
सगळं एमएस्सीवरच का चाललंय? शेतात सौरपंप बसतायत, कंट्रोलर बिघडला की ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडून राहतो कारण दुरुस्त करणारा जवळ नाही. आयटीआयच्या पोरांना पैसे द्या, वर्षभरात कामाला लागतील. माझा विरोध फक्त मोठ्या डिग्र्यांना देण्याला आहे.

मांजरातीर
@वायरमन हे पटलं. आणि तीन वर्षांच्या अटीचं म्हणाल तर एमबीबीएसला एक वर्ष सेवेचा बॉण्ड आहेच की, नाही केलं तर दहा लाख दंड होता, तरी ग्रामीण भागात डॉक्टर मिळाले नाहीत. ज्याच्याकडे पैसे होते तो दंड भरून मोकळा झाला, गरीब तेवढा अडकला. तुमच्या योजनेत वेगळं काय होणार?

कृष्णाकाठ
वेगळं हे की डॉक्टरला बाहेर प्रॅक्टिस आहे, दरडींचा अभ्यास केलेल्या पोराला सरकार सोडून फारसं कोणी घेत नाही, त्यामुळे तो टिकेल. आणि सरकारला शिष्यवृत्ती जमत नाही असंही नाही, राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीतून दरवर्षी ७५ जागा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांना मिळतात, त्यातून किती घरांत पहिल्यांदा कोणी परदेशात शिकलं. तशीच एक इथल्या इथे शिकणाऱ्यांसाठी करा, निम्म्या जागा आयटीआयला ठेवा, माझी काही हरकत नाही. पण जागा निघेपर्यंत थांबा म्हणालात तर शिकलेलं माणूस नाही म्हणून पद नाही आणि पद नाही म्हणून कोणी शिकत नाही, हे असंच चालू राहणार आणि तोवर दोन-चार पावसाळे जातील.

देवगडची
आणि मुलाखतीला तालुक्यातल्या मुलांना प्राधान्य हवं, नाहीतर सगळ्या जागा शहरातच जातील.

मांजरातीर
ठीक आहे, पदनिर्मितीचा जीआर आणि शिष्यवृत्तीचा जीआर एकाच दिवशी काढा, जिल्हावार जागा लिहून. मग मी विरोध करणार नाही. नुसता शिष्यवृत्तीचा निघाला तर मात्र मी विरोधच करणार, कितीही समजावलंत तरी.