मदत हवी आहे: पावसाळी ट्रेकला ४×५ चे फिल्म होल्डर आणि ग्राउंड ग्लास कसे न्यावेत?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेर पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जायचं आहे, सोबत ४×५ इंची शीट फिल्मचा (म्हणजे रोल नाही, सुटी पानं) लाकडी फील्ड कॅमेरा. वर मुक्काम, आणि सकाळी उघडीप मिळाली तर कोकणकडा. कॅमेरा घडी होऊन सॅकमध्ये व्यवस्थित बसतो. घोर आहे तो बाकीच्या संसाराचा: सहा होल्डर (फिल्म ठेवायच्या चपट्या, प्रकाशबंद चौकटी; प्रत्येकीत दोन, म्हणजे १२ शीट), बोर्डावर बसवलेल्या ९० आणि १५० मिमीच्या लेन्स, लूप (फोकस तपासायचं भिंग), लाइट मीटर, केबल रिलीज, काळं कापड.

सगळ्यात जास्त काळजी होल्डरची. एक्स्पोजरच्या वेळी डार्क स्लाइड (होल्डरमधली फिल्म झाकणारी सरकती पट्टी) ओढून हातात धरली की धुक्यात मिनिटभरात तिच्यावर बारीक थेंब जमतात. तीच परत आत सरकवली की तोंडाशी प्रकाश अडवायला लावलेली मखमलीची पट्टी ते पाणी पिते, आणि उरलेलं फिल्मपर्यंत जातं. इमल्शन (फिल्मवरचा प्रकाश टिपणारा थर) जिलेटिनचं, ओल लागली की फुगून चिकट होतं. बरं, घरून सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून डबा ठणठणीत कोरडा ठेवला तर उलटाच ताप. स्लाइड ओढताना स्थिर विद्युत तयार होते आणि धूळ थेट शीटवर बसते. निगेटिव्हवर पारदर्शक ठिपका, प्रिंटवर काळा, तोही नेमका पांढऱ्या धुक्याच्या भागात.

तर पावसाळ्यात सह्याद्रीत शीट फिल्म वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: जेल घालावं की नुसत्या झिपलॉक पिशव्या पुरेत? काढलेली स्लाइड ठेवायची कुठे? आणि ग्राउंड ग्लासला (कॅमेऱ्याच्या पाठीवरची खरबरीत काच, जिच्यावर चित्र बघून फोकस करतो) काय संरक्षण देता? सॅक नुसती खडकाला टेकली तरी माझा जीव वर-खाली होतो.

प्रतिसाद १

जेल घाला, पण होल्डरच्या पिशवीत नको, बाहेरच्या मोठ्या डब्यात घाला. एका झिपलॉकमध्ये एकच होल्डर ठेवा, म्हणजे एक काढताना बाकीचे पाच उघडे पडत नाहीत. एक्स्पोज झालेले वेगळ्या रंगाच्या पिशवीत. स्लाइडची पांढरी बाजू न वापरलेल्या शीटची, काळी वापरलेल्या, हे खरं, पण अंधारात आणि घाईत पिशवीचा रंग जास्त कामाला येतो.

स्लाइड हातात धरूच नका. ट्रायपॉडला एक उघडी पिशवी अडकवा, स्लाइड ओढली की सरळ तिच्यात. परत घालण्याआधी दोन्ही बाजू मायक्रोफायबरने पुसा. एवढं केलंत तर निम्मा त्रास कमी होईल.

छत्री धरायला एक माणूस न्या. मात्र कोकणकड्यावर वारा दरीतून वर येतो आणि पाऊसही त्याच्याबरोबर खालून येतो, तिथे डोक्यावरची छत्री उपयोगाची नाही. कड्यापासून मागे सरकून, एखाद्या खडकाच्या आडोशाला कॅमेरा लावा. काळ्या कापडाच्या कोपऱ्यांत वजन शिवून घ्या, नाहीतर ते फडफडून लेन्ससमोर येतं.

प्रतिसाद २

ग्राउंड ग्लाससाठी ३ मिमी ॲक्रिलिकचा तुकडा मापाने कापून घ्या, आतून फेल्ट चिकटवा आणि इलॅस्टिकने कॅमेऱ्याच्या पाठीवर बसवा. सॅकमध्ये काचेची बाजू तुमच्या पाठीकडे येऊ द्या, बाहेरच्या बाजूला नको. जास्तीची काचही जवळ ठेवा. साधी २ मिमी काच कापून आणून ४०० ते ६०० ग्रिटच्या सिलिकॉन कार्बाइड पावडरीने पाणी घालत घासली की घरच्या घरी काम होतं. फक्त जाडी कितीही असली तरी खरबरीत बाजू लेन्सकडेच हवी, नाहीतर फोकस चुकतो.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सचा डबा उघडू नका. थंड काचेवर लगेच वाफ धरते. बंद डबा अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्या. लाकडी कॅमेरा दमटपणात फुगतो, सरकते भाग घट्ट झाले तर जोर लावू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. पिशवी अडकवायची युक्ती या रविवारी घराच्या गच्चीवर पावसात करून बघतो. एक शंका उरली आहे: गडावर मुक्कामी रात्री तंबूत बेलोज (लेन्स आणि कॅमेऱ्याची पाठ जोडणारा घड्यांचा भाता) घडी करून ठेवावा की थोडा उघडा? ओलसर घडीत बुरशी धरेल असं वाटतं. कोणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा.