जांबोटीजवळ सी-बँड डिश, एल-बँड मोडेम : रिसिव्हला लॉक नाही, बीयूसी सारखा रिसेट

खानापूर_लिंक

नमस्कार मंडळी. जांबोटीच्या पुढं चोर्ल्याच्या रस्त्याला एका जागेवर २.४ मीटरची प्राइम फोकस डिश (फीड, म्हणजे सिग्नल घेणारं-देणारं तोंड, बरोबर मधोमध) उभी केली आहे. उपग्रह ८३ अंश पूर्व, लिनिअर पोलरायझेशन. परवानाधारक चालकाकडून कॅरिअर (ठराविक फ्रिक्वेन्सीवरचा आमचा सिग्नल) मिळालाय, अपलिंक अजून उघडलेली नाही. सामान असं :

एलएनबी (आलेला सिग्नल वाढवून मोडेमच्या एल-बँडला उतरवणारा) ३.४ ते ४.२ गिगाहर्ट्झचा, एलओ (आतल्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी) ५१५० मेगाहर्ट्झ, लेबलवर डीआरओ असं आहे. बीयूसी (मोडेमचा सिग्नल अपलिंकला चढवून पाठवणारा) ५ वॅटचा, एलओ ४९००, २४ व्होल्ट, नेमप्लेटवर खप ५० वॅट. डाउनलिंक ३८४२ म्हणून मोडेममध्ये रिसिव्ह १३०८ टाकलंय. अपलिंक ६०६७, म्हणून ट्रान्समिट ११६७. डेटा ५१२ केबीपीएस, मॉड्युलेशन क्यूपीएसके, एरर-करेक्शनचा दर ३/४. डिशपासून खोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ४० मीटर आरजी-६, बेळगावच्या बाजारात मिळते ती डीटीएचची.

अडचण एक : स्पेक्ट्रम ॲनालायझरवर कॅरिअर छान दिसतो. सकाळी आठला १३०८.१ ला होता, दुपारी दोनला १३०७.७ ला. सकाळी डिमॉडचा (मोडेमनं कॅरिअर पकडल्याचा) दिवा लागतो पण डेटा लॉक येत नाही, दुपारी डिमॉडचा दिवाही लागत नाही.

अडचण दोन : मोडेममधून बीयूसीला २४ व्होल्ट चालू केले की करंट वर जातो, पडतो, परत वर जातो. अलार्म येतो. केबल बीयूसीवरून काढून टोकाला मीटर लावला तर २३.९ व्होल्ट मिळतात. म्हणजे केबल चांगली, बीयूसीच गेला असं समजायचं काय?

निपाणी_आरएफ

बीयूसीचं मागाहून बघू, आधी रिसिव्ह. तुमची वजाबाकी बरोबर आहे, दोन्ही आकडे जुळतात. राहिलंय ते त्या वजाबाकीच्या दिशेकडं बघायचं.

सी-बँड एलएनबीचा एलओ सिग्नलच्या वर असतो. ५१५० मधून ३८४२ गेले, १३०८ उरले. आता आकाशात ३८४२.१ ला जे आहे ते केबलमध्ये १३०७.९ ला येतं. म्हणजे अख्खा स्पेक्ट्रम उलटा होऊन खाली उतरतो. ॲनालायझरला त्याचं काही नाही, त्याला उंचवटा दिसला की झालं. मोडेमच्या कॅरिअर लूपलाही क्यूपीएसके उलटा आहे की सुलटा हे कळत नाही, तो बिनधास्त लॉक होतो. पण आय आणि क्यू या सिग्नलच्या दोन घटकांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळं डिकोडरला कचरा मिळतो. दिवा लागतो आणि डेटा येत नाही, याचा पहिला संशय हाच. रिसिव्हच्या मेनूत स्पेक्ट्रम 'इन्व्हर्ट' करा. डीव्हीबी-एस२ चे बरेच रिसिव्हर हे आपलं आपण ओळखतात, म्हणून टीव्हीवाल्यांना याची सवय नसते. तुमच्यासारख्या एससीपीसी (एका कॅरिअरवर एकच लिंक) मोडेमला हातानं सांगावं लागतं.

ट्रान्समिट मात्र 'नॉर्मल'च ठेवा. बीयूसीत ४९०० मध्ये ११६७ मिळवले जातात, तिथं काही उलटत नाही. घाईत दोन्हीकडं इन्व्हर्ट टाकलं की इकडचं सुरू होतं आणि पलीकडचा माणूस आपलं लॉक शोधत बसतो.

आता सकाळ-दुपारचा फरक. डीआरओ म्हणजे आतला ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकणारच. तुमचा ०.४ मेगाहर्ट्झ सरकला. ५१२ केबीपीएस, क्यूपीएसके ३/४ चा सिम्बॉल रेट निघतो ३४१ केएसपीएसच्या आसपास, २० टक्के रोलऑफ (कडेचा उतार) धरून पसारा ४१० किलोहर्ट्झ. म्हणजे कॅरिअर स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला गेलाय, आणि मोडेम शोधतोय त्याच जागी. शोधायची कक्षा वाढवून दुपारी लॉक मिळेलही, पण शेजारच्या कॅरिअरवर जाऊन बसायची भीती राहते. एवढ्या अरुंद कॅरिअरला पीएलएल (ऑसिलेटर स्थिर रेफरन्स सिग्नलला बांधलेला) एलएनबीच घ्या. आतलाच रेफरन्स असलेला घेतलात तर सरकणं काही किलोहर्ट्झांवर येतं. बाहेरचा १० मेगाहर्ट्झ लागणारा घेतलात तर मोडेमच्या रिसिव्ह पोर्टवर तो रेफरन्स चालू करायला विसरू नका.

आणि एक. नवा एलएनबी मागवताय तर ३.७ ते ४.२ चाच मागवा. भारतात ५जीला ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा गेलाय, आणि तुमचा एलएनबी ३.४ पासून उघडा आहे. ॲनालायझरवर १४८० पासून वर रुंद डोंगर दिसतो का बघा (५१५० वजा ३६७०, तिथूनच तो सुरू होतो). आज दिसत नसला तरी समोरच्या टेकडीवर टॉवर उभा राहायला वेळ लागत नाही. डोंगर मोठा असेल तर एलएनबी दबतो आणि दूरच्या १३०८ चं सिग्नल-नॉइजही घसरतं. त्यावर उपाय खोलीत नाही, फीड आणि एलएनबीच्या मधे वेव्हगाइड फिल्टर बसवणं हाच.

चिकोडीचा_मिस्त्री

बीयूसी गेलेला नाही ओ. टाकू नका.

मोकळ्या टोकाला २३.९ दिसणारच, कारण मीटर करंट घेत नाही. करंट नाही तर ड्रॉप नाही. बीयूसी जोडल्यावर काय होतं ते बघायला पाहिजे.

डीटीएचच्या आरजी-६ चा आतला धागा बहुतेक वेळा पोलादाचा असतो, वर तांब्याचा मुलामा. चुंबक लावून बघा, चिकटला की समजा. एल-बँडला हे चालून जातं, कारण तेवढ्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह वरच्या तांब्यातूनच वाहतो. डीसी मात्र अख्ख्या धाग्यातून जातो, आणि तिथं १०० मीटरला ९ ओहमच्या पुढं रोध असतो. तुमच्या ४० मीटरला ३.७ आणि वरच्या जाळीचा अर्धा धरा, ४.२ ओहम.

आता गंमत बघा. बीयूसी हा ठराविक वॅट ओढणारा लोड आहे, व्होल्ट कमी झाले तर जास्त अँपिअर ओढतो. २४ व्होल्ट आणि मधे ४.२ ओहम असताना पलीकडं जास्तीत जास्त पोचू शकणारी पॉवर म्हणजे २४ चा वर्ग भागिले ४ गुणिले ४.२, म्हणजे ३४ वॅट. त्याला पाहिजेत ५०. काही केलं तरी पोचणार नाहीत. तो चालू व्हायला बघतो, व्होल्ट कोसळतात, तो बंद पडतो, व्होल्ट परत चढतात. तुमचा करंट वरखाली होतोय तो असा.

खात्री करायची तर ट्रकचे २४ व्होल्ट, २१ वॅटचे दोन बल्ब समांतर जोडा आणि केबलच्या टोकाला लावा. पण मोडेममधून नको, वेगळ्या २४ व्होल्टच्या सप्लायवरून. थंड बल्ब सुरुवातीला जोरात करंट ओढतो आणि मोडेमचा आतला सप्लाय ट्रिप होईल. बल्ब पेटलेले असताना टोकाचे व्होल्ट मोजा.

खानापूर_लिंक

चुंबक चिकटला. बल्ब लावल्यावर टोकाला १७.८ व्होल्ट. इन्व्हर्ट केल्यावर सकाळी डेटा लॉक आला, दहा वाजेपर्यंत टिकला. पीएलएल एलएनबी मागवलाय.

ट्रान्समिटला आता एलएमआर-४०० (जाड, कमी लॉसची केबल) टाकू की बीयूसीला वेगळी पॉवर नेऊ?

चिकोडीचा_मिस्त्री

एलएमआर-४०० टाका. ४० मीटरला जाऊन-येऊन अर्धा ओहमही होत नाही, बीयूसीला २३ च्या आसपास मिळतील. वर ११६७ ला लॉस ९ डीबीवरून ६ वर येईल. फक्त वळणं सैल घ्या आणि एन कनेक्टर क्रिम्पचे घ्या.

वेगळी पॉवर नेणंही चालतं, २.५ चौरस मिमी तांब्याची दोन कोअर केबल पुरे, ४० मीटरला ०.६ ओहम. पण बीयूसीला स्वतंत्र डीसी कनेक्टर पाहिजे, आणि मोडेममधला डीसी आधी बंद करायला पाहिजे. मधे डीसी ब्लॉक घालायचा विचार असेल तर नीट वाचून घ्या : बाजारातले साधे एल-बँड ब्लॉक ९५० च्या वरचंच सोडतात, १० मेगाहर्ट्झ अडवतात. रेफरन्स पोचला नाही की बीयूसी म्यूटच राहणार, आणि तुम्ही आठवडाभर पॉवरच तपासत बसणार. सर्ज अरेस्टरचंही तेच. डीसी आणि १० मेगाहर्ट्झ दोन्ही सोडणारा, गॅस ट्यूबचा घ्या.

मोडेमचा पोर्ट ७५ ओहमचा एन असेल तर ५० ओहमचा प्लग त्यात घुसवू नका. ५० ची पिन जाड असते, ७५ च्या सॉकेटच्या पाकळ्या कायमच्या फाकतात. नंतर बरोबरचा प्लगही ढिला बसतो.

बीम_आणि_बोल्ट

ट्रान्समिट चालू करायच्या आधी माझं थोडं ऐका.

मोडेम म्यूटमध्ये, लेव्हल अगदी तळाला, आणि फोनवर उपग्रहचालकाची कंट्रोल रूम. त्यांनी 'चालू करा' म्हटल्याशिवाय आरएफ ऑन नाही. आधी बिनमॉड्युलेशनचा कॅरिअर, त्यांनी दिलेल्या टेस्ट फ्रिक्वेन्सीवर.

लेव्हलचा हिशेब कागदावर आधीच करून ठेवा. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम. बीयूसीचा गेन ६३ डीबी असेल (तुमच्या लेबलवरचा आकडा घाला) तर पूर्ण पॉवरला बीयूसीच्या तोंडाशी उणे २६ डीबीएम पाहिजेत. एलएमआरचा ६ डीबी लॉस मिळवला की मोडेमवर उणे २०. सुरुवात उणे ४० ला करा, कंट्रोल रूम सांगेल तसं एक-एक डीबी वर. मोडेमवर १ वाढवला आणि त्यांच्याकडं १ वाढला नाही, की कॉम्प्रेशन सुरू झालं, तिथून दोन डीबी मागं या. २.४ मीटर डिशचा ६ गिगाहर्ट्झला गेन ४२ डीबीआयच्या जवळ, म्हणजे बीयूसीच्या पूर्ण ताकदीला जेमतेम ४९ डीबीडब्ल्यू ईआयआरपी (डिशचा गेन धरून उपग्रहाकडं जाणारी ताकद). चालकानं दिलेल्या वाटपात याहून जास्त लिहिलं असेल तर बीयूसी लहान पडतोय.

क्रॉस-पोल (आडव्या पोलरायझेशनमध्ये गळणारा सिग्नल) कंट्रोल रूमच मोजते, ३० डीबी विलगता हे ध्येय ठेवा. तुमच्याकडून ८३ अंशाला स्क्यू (फीडचा तिरपेपणा) साधारण २७.५ अंश येतो. फीड फिरवताना बोल्ट पूर्ण सैल करू नका, अर्धा-अर्धा अंश सरकवा, प्रत्येक वेळी थांबा आणि आकडा विचारा. ६ गिगाहर्ट्झला बीम १.४ अंशाचाच आहे, ४ ला २.२ चा. म्हणून रिसिव्हवर 'पीक झालंय' असं वाटलं तरी ट्रान्समिटला डिश किंचित बाजूला असू शकते. पीक एका टोकाला पडेपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला तेवढंच पडेपर्यंत फिरवून मधली जागा धरा.

बेळगाव भागातून ८३ अंशाला अझिमथ (उत्तरेपासून दिशा) १५१ आणि एलिव्हेशन (क्षितिजापासून उंची) ६९. एवढ्या उभ्या डिशला अझिमथ एक अंश फिरवलं तर बीम आकाशात जेमतेम एक तृतीयांश अंश सरकतो. त्यामुळं अझिमथ हलवून फरक दिसत नाही म्हणून घाबरू नका. एलिव्हेशनचा स्क्रू मात्र नाजूक. कंपास डिशपासून चार-पाच मीटर लांब उभं राहून वाचा, लोखंडी खांबाजवळ तो काहीही सांगतो.

निपाणी_आरएफ

एलिव्हेशन ६९ आणि प्राइम फोकस म्हटल्यावर अजून एक सांगतो. डिश जवळजवळ आकाशाकडं तोंड करून आहे, खालची कड आतल्या तळापेक्षा वर येते. ऑफसेट डिशमधून पाणी वाहून जातं, तुमच्या वाडग्यात डबकं साचेल. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सी-बँडला पावसाच्या थेंबांचं विशेष काही नाही, पण डिशमधलं तळं आणि फीडच्या खिडकीवरचं पाणी लिंक पाडतं. पाणी ओतून बघा, जिथं थांबतं तिथं ८-१० मिमीची दोन भोकं पाडा. झाडं जवळ असतील तर मृगाच्या आधी आणि नंतर पंधरा दिवसांनी एकदा पालापाचोळा काढा.

कनेक्टरवर नुसती पीव्हीसी टेप नको. आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, खालून वर गुंडाळत, मग त्यावर पीव्हीसी. केबल कनेक्टरच्या आधी एकदा खाली लोंबवा, म्हणजे थेंब तिथून गळेल.

अर्थिंगला जांभा फार वाईट, रोध खाली येतच नाही. एक रॉड ठोकून मोकळं होऊ नका, बेंटोनाइट भरलेले दोन खड्डे करा आणि डिशचा खांब, अरेस्टर, खोलीतलं रॅक सगळं एकाच पट्टीवर बांधा. वळवाच्या विजा सुरू व्हायच्या आत.

खानापूर_लिंक

पीएलएल एलएनबी आणि एलएमआर दोन्ही बसलं. दुपारी दोनलाही लॉक आहे, कॅरिअर १३०८.० वरून हललेला नाही. बीयूसीला जोडलेल्या अवस्थेत २३ व्होल्ट, अलार्म गेला. ॲनालायझरवर १४८० च्या वर काही नाही. आता कंट्रोल रूमची वेळ मागतो.

बीम_आणि_बोल्ट

वेळ सकाळची मागा. दुपारची मिळाली आणि मार्चचा दुसरा आठवडा किंवा सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरची सुरुवात असेल, तर तुमच्या जागेवरून बाराच्या सुमारास सूर्य बरोबर ८३ अंशाच्या मागं येतो. काही मिनिटं ईबी/एनओ (सिग्नल-नॉइजचा आकडा) आपोआप पडतो आणि वाढतो. त्या वेळी फीडला हात लावू नका.