‘सर-मॅडम’नी आपले दादा-मावशी खाल्ले का?

मिरजेचा_पाव्हणा (धागाकर्ता)
गेल्या आठवड्यात अण्णांना घेऊन पुण्यातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. अण्णा एसटीत 31 वर्षं ड्रायव्हर. काउंटरवरची पोरगी म्हणाली, “सर, इथं सही करा.” अण्णांनी मागं वळून बघितलं, कोण साहेब आलाय म्हणून. मागं भिंत. पोरगी परत “सर” म्हणाली तेव्हा मला म्हणतात, “अरे, तुला बोलावतीय.”

आमच्याकडं अनोळखी माणसाशी बोलणं सुरू होतं तेच “काय पाव्हणं, कुठलं गाव?” असं. म्हातारा असला तर आबा, तात्या. बाई असल्या तर मावशी, आक्का. कंडक्टर म्हणजे मास्तर, टपरीवाला मालक, बरोबरीचा असेल तर नुसतं ‘भावा’. नाव कळायची गरजच पडत नाही. पुण्यात वॉचमन सर म्हणतो, बँक सर म्हणते, ओटीपी मागणारा पोरगा सर म्हणतो, आणि मी त्याला ‘दादा’ म्हटलं की तोच दचकतो. मराठी माणसानं मराठी माणसाला सर-मॅडम म्हणणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पटत नसेल तर बोला.

ठाणेकरीण
पटत नाही. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई 58 वर्षांच्या आहेत. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. त्यांच्याकडे भांडी घासायला येते ती 34 वर्षांची, तिला सगळे मावशी म्हणतात. मॅडमसुद्धा! आईची बहीण आपल्यापेक्षा 24 वर्षांनी लहान, हे नातं कुठल्या कुळातलं? आणि या मावशीचा चहाचा कप वेगळा, ओट्याखाली उपडा ठेवलेला. नातं जोडायला पैसे पडत नाहीत म्हणून जोडतो आपण. पगारी सुट्टी मागितली की मावशीची लगेच बाई होते.

तीच गोष्ट भैयाची. शब्दाचा अर्थ भाऊ, पण मुंबईत भाजीवाल्याला भैया म्हणताना भाऊ कुणाच्या मनात असतो? प्रांत असतो.

मिरजेचा_पाव्हणा
कपाचं तुमचं बरोबर आहे. पण तो दोष कपाचा, मावशीचा नव्हे. मग त्यांना नावानं हाक मारू का? आमच्यात कुणाच्या आईला नावानं हाक मारली तर पाठीत धपाटा बसायचा.

काऊन_बे
नागपुरात हे टेन्शनच नाही. ऑटोवाला भाऊ, डॉक्टर भाऊ, नगरसेवक तं भाऊच भाऊ. दोस्त असला तं ‘काय बे’. पुण्यात पहिल्या दिवशी रूममेटले प्रेमानं ‘काय बे’ म्हटलं, तं पोट्टा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. त्याले वाटलं शिवी दिली. (बापाले ‘बे’ म्हणू नये, येवढं आमालेबी कळते.)

कामठी_लाइन
अण्णांचा प्रसंग वाचून सगळ्यांना गंमत वाटली असेल. मला माझे आजोबा आठवले. त्यांना गावात कुणी कधी आबा-तात्या म्हटलंच नाही. सत्तरी उलटली तरी ‘अरे’, आणि नावाला ‘या’ लावून अर्धं केलेलं. पाटलाच्या दहा वर्षांच्या पोराला मात्र आजोबा ‘अहो’ म्हणत. तुम्ही म्हणता ती गावाची मायेची नाती वेशीच्या आतली होती. वेशीबाहेर ती पोचत नव्हती.

जोहार, म्हणजे आमच्या लोकांनी गावातल्या वरच्या जातींना करायचा नमस्कार, घालायचा तो एकाच बाजूनं. पलीकडून जोहार परत येत नसे, फार तर मान हलत असे. ‘जय भीम’चं वेगळेपण मला त्यातच दिसतं. समोरून उत्तरही ‘जय भीम’च येतं, मग तो कलेक्टर असो की हमाल. हे अभिवादन रूढ केलं ते आमच्याच कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी. 1939 साली वारले, वय जेमतेम 35.

आजोबांना आयुष्यात पहिल्यांदा ‘सर’ म्हटलं ते बँकेतल्या एका मुलीनं. घरी आल्यावर त्यांनी आजीला ते दोनदा सांगितलं. चहा पिताना एकदा, आणि रात्री जेवताना परत. तुम्हाला ‘सर’ परका वाटतो, मान्य. आमच्या घरात तो परका होता म्हणूनच बरा वाटला. त्यानं जात विचारली नाही.

मिरजेचा_पाव्हणा
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, खरंच. “कुठलं गाव?” च्या मागोमाग आमच्याकडं “कुणापैकी?” येतंच, आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. तरीपण विचारतो, बरोबरीचा शब्द इंग्रजीतूनच उसना घ्यायचा का? आपल्यात काहीच नाही?

दिंडी_क्रमांक_शून्य
आहे की. माऊली! वारीत बाई, बुवा, म्हातारा, पोर, पोलीस, चहावाला, सगळे माऊली. पाया पडायचं तर समोरचाही तुमच्या पाया पडतो. वय नाही, पगार नाही, स्त्रीलिंगी शब्द दाढीवाल्यालाही चालतो.

काऊन_बे
आन परतीच्या एसटीत खिडकीवरून भांडण लागलं का माऊली कुठं जाते भाऊ?

टेबल_नंबर_सात
सरकारी कर्मचारी आहे, म्हणून एक अनुभव. 2022 मध्ये शासन निर्णय निघाला, की 2 ऑक्टोबरपासून फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम’ म्हणावं. सक्ती नव्हती, आवाहन होतं. आमच्याकडे पंधरा दिवस उत्साह होता. नंतर पलीकडचाच “हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?” म्हणायला लागला आणि आम्हीही हॅलोवर आलो. तेव्हा ‘सर बंद करा’ म्हणून काही बंद होत नाही. शिवाय आमच्याकडे ‘दादा’ म्हणत येणारा हमखास ओळख काढून काम करून घ्यायला आलेला असतो. ‘सर’वाला निदान रांगेत उभा राहतो.

वाईच्या_बाई
मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. 1986 ला लागले तेव्हा मुलं ‘बाई’ म्हणायची, आणि तो मोठा मान होता. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, सगळ्या बाईच. नोकरी संपेपर्यंत मी मॅडम झाले होते, कारण मधल्या काळात ‘बाई’ घरकामाला लागली होती. उद्या मॅडमचंही असंच काहीतरी होईल आणि नवा शब्द आणावा लागेल.

तुम्ही सगळे नामावर भांडताय, जरा क्रियापदाकडे बघा. “बाई आल्या नाहीत” म्हटलं की शाळेतल्या, आणि “बाई आली नाही” म्हटलं की कामाच्या, हे सांगावं लागतं का? ठाणेकरीणबाई म्हणतात ती मावशीसुद्धा तोंडावर “मावशी, उद्या लवकर या” असते, आणि पाठ फिरली की “मावशी आज आली नाही, दांडी मारली.” माझी सख्खी मावशीही ‘आली’च असते, पण तिचा एकेरीपणा तोंडावरही तोच असतो. कामाच्या मावशीचा मात्र दार लागल्यावर बदलतो.

कामठी_लाइन
बाई, हे नेमकं बोललात. आजोबांना तर तोंडावरही एकेरी आणि मागेही एकेरी. तेवढा प्रामाणिकपणा होता म्हणायचा!

कुडाळचो_झिलगो
आमच्याकडे भानगडच नाय. वाटेर कोणय भेटलो काय “खंय चल्लास?” आणि त्येचा उत्तर “हयच.” मुंबैची पावणी मात्र थांबान डॉक्टरकडे चल्लंय, कित्याक चल्लंय, सगळा सांगत बसतंत.

ठाणेकरीण
काल हा धागा वाचून आमच्याकडे येतात त्यांनाच विचारलं, तुम्हाला काय म्हणू? मला वाटलं होतं, नावापुढे ताई म्हणा असं सांगतील. त्या म्हणाल्या, “मावशीच बरं हाय. नावानं हाक आली की सासू आठवती.” मग फरशी पुसता पुसता म्हणाल्या, “पण तुम्ही मला मावशी म्हनता, मी तुम्हाला मॅडम का म्हनायचं?”

तर आता त्यांनी मला ताई म्हणायचं ठरलंय. मी धाग्यावरचं म्हणणं मागे घेत नाही. महिन्याच्या दोन पगारी सुट्ट्यांवर आमची बोलणी अजून चालू आहेत. त्या चार म्हणतायत.